हातात काम, कानात काय?

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९६०च्या दशकात एक साधा प्रयोग झाला. टॉम डिमार्को आणि टिमथी लिस्टर यांनी १९८७ साली 'पीपलवेअर' या पुस्तकात तो सांगितला आणि सॉफ्टवेअरच्या धंद्यातली माणसं आजही त्याचा हवाला देतात. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांमधून दोन गट निवडले होते : गाणी ऐकत काम करायला आवडणारे आणि शांतता लागणारे. प्रत्येक गटातल्या निम्म्यांना शांत खोलीत बसवलं, निम्म्यांना हेडफोन देऊन संगीताच्या खोलीत. काम सगळ्यांना एकच, फोरट्रान भाषेत एक प्रोग्रॅम लिहायचा. वेगात आणि अचूकपणात दोन्ही खोल्या सारख्याच निघाल्या. पण त्या कामात एक मेख मारून ठेवली होती. दिलेल्या आकड्यावर एकामागून एक क्रिया करायच्या होत्या, अमुक घरं सरकवा, मग शंभराने भागा, असं बरंच काही. आणि सगळं करून झाल्यावर हाती येत होता तो मूळचाच आकडा. म्हणजे मुळात काही करायची गरजच नव्हती. काही विद्यार्थ्यांच्या हे ध्यानात आलं. ज्यांच्या आलं, त्यातले बहुतेक सगळे शांत खोलीतले होते.

एका जुन्या प्रयोगावर फार मोठी इमारत बांधू नये, हे खरंच. तरी मला तो फार मोलाचा वाटतो. संगीताच्या खोलीतल्या मुलांनी काम चोख केलं, वेळेत केलं, त्यांना कुणी नावं ठेवली नसती. हरवलं ते काम करता करता क्षणभर थबकून 'अरे, हे असं का?' म्हणणं. ते कुठल्याच मोजपट्टीवर दिसत नाही. करणाऱ्यालाही आपलं काही हरवलं आहे याचा पत्ता लागत नाही.

कामाच्या वेळी कानात काय असावं, हा प्रश्न आज हिंजवडीतल्या प्रोग्रॅमरपासून सदाशिव पेठेतल्या एमपीएससीच्या विद्यार्थ्यापर्यंत सगळ्यांना पडलेला आहे. तो विचारला जातो मात्र 'कोणतं संगीत ऐकलं की लक्ष लागतं?' अशा शब्दांत. गेल्या शंभरेक वर्षांत या विषयावर जे संशोधन झालं ते वाचल्यावर मला वाटतं, की आधी काम कसलं आहे ते विचारायला हवं. हाताचं काम आणि शब्दांचं काम यांची उत्तरं वेगळी, जवळजवळ उलट आहेत. आपली पंचाईत झाली आहे ती एकीकडचं उत्तर दुसरीकडे लावल्यामुळे.

हाताच्या कामाचं उत्तर आपल्याकडे फार जुनं आहे. जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं म्हणतातच. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी १९८०च्या दशकापासून सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्राच्या गावागावांतून या ओव्या गोळा केल्या. तो संग्रह लाखाच्या वर गेला आणि आज त्यातल्या अनेक ओव्या 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर कुणालाही वाचता-ऐकता येतात. कापणीच्या वेळची भलरी, मोटेवरची गाणी, होडी वल्हवतानाची गाणी हीसुद्धा याच घरातली. इथे गाणं काय करतं ते नीट पाहायला हवं. जात्याच्या खुंट्याला दोघींचे हात असले तर ते एका लयीत फिरायला हवेत, ती लय गाणं देतं. दळण हाताला इतकं सवयीचं की मन मोकळंच राहतं, आणि मोकळं मन त्या अंधाऱ्या पहाटे कंटाळ्याकडे, थकव्याकडे, दुःखाकडे वळतं. ओवी त्या मनाला काम देते. म्हणून तर ओव्यांमध्ये सासर-माहेर, भाऊ, विठ्ठल, सगळा संसार उतरला आहे. पीठ दळण्यासाठी लागणाऱ्या लक्षातून काही वजा न होता.

आणखी एक गोष्ट. बाई ओवी ऐकत नव्हती, ती गात होती. कुठली ओवी, कधी, किती वेळ, हे तिच्या हातात होतं. पुढे जे झालं ते समजायला हा फरक लागतो.

क्यूबामध्ये याच गरजेला वेगळं उत्तर सापडलं. १८६५ साली हवानामधल्या एका सिगार कारखान्यात कामगारांना मोठ्याने वाचून दाखवायला माणूस बसवण्यात आला आणि प्रथा पसरली. कामगार पानं वळायचे, 'लेक्तोर' वर्तमानपत्र वाचायचा, कादंबऱ्या वाचायचा. सुरुवातीला त्याचा पगार कामगार आपल्या वर्गणीतून देत. अलेक्झांडर द्यूमांची मोन्ते क्रिस्तोची कथा या कारखान्यांमध्ये इतकी लाडकी झाली, की मोन्तेक्रिस्तो हे सिगारचं नाव तिच्यावरून पडलं. शब्दांनी काम बिघडलं नाही, कारण काम बोटांचं होतं. आपल्याकडे शिंप्याच्या दुकानात, सोनाराच्या पेढीमागच्या खोलीत, गॅरेजमध्ये दिवसभर रेडिओ लागलेला असतो तो याच हिशेबाने, आणि तो हिशेब बरोबर आहे.

कारखानदारी आली तेव्हा हे शहाणपण मालकांच्या हाती गेलं. ब्रिटनमध्ये एस. वायट आणि जे. एन. लँग्डन या संशोधकांनी १९३७ साली कंटाळवाण्या, त्याच त्या कामाचा अभ्यास प्रसिद्ध केला. नाताळच्या मेजवानीत ओढून फोडायचे कागदी क्रॅकर वळणाऱ्या कामगारांना ग्रामोफोन ऐकवला, तेव्हा उत्पादन वाढलेलं दिसलं. युद्ध सुरू झालं आणि २३ जून १९४० रोजी बीबीसीने 'म्युझिक व्हाइल यू वर्क' हा कार्यक्रम सुरू केला. सकाळी अर्धा तास, दुपारी अर्धा तास, दारूगोळ्याच्या कारखान्यांमध्ये भोंग्यांवरून. तो १९६७पर्यंत चालला. त्याचे नियम वाचण्यासारखे आहेत : चाली ओळखीच्या हव्यात, आवाज मध्येच चढता-उतरता कामा नये, फार संथ गाणी नकोत. 'डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस' हे गाणं १९४२ साली या कार्यक्रमातून वगळलं, कारण त्यात टाळ्यांच्या जागा होत्या आणि कामगार हातातलं काम सोडून टाळ्या वाजवतील, नाहीतर हत्यारं आपटतील अशी भीती होती.

अमेरिकेत जॉर्ज ओवेन स्क्वायर या सेनाधिकाऱ्याच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या कंपनीला १९३४ साली 'म्यूझॅक' हे नाव मिळालं. तिने पुढे पंधरा मिनिटांचे संगीताचे तुकडे बनवले, हळूहळू जोम वाढत जाणारे, आणि मध्ये पंधरा मिनिटं शांतता. सकाळी अकराच्या आणि दुपारी तीनच्या सुमारास माणूस ढेपाळतो, तेव्हा चढतं संगीत. कामगाराने ते निवडलेलं नसे, बंद करण्याची सोय नसे. ओवीपासून म्यूझॅकपर्यंत येताना गाणं तेच राहिलं असेल, पण गाण्यावरची मालकी बदलली. मला या इतिहासातली हीच गोष्ट सगळ्यात खुपते.

आता शब्दांचं काम. वाचणं, लिहिणं, हिशेब, कोड, परीक्षेचा अभ्यास. इथे एका नावाचा गोंधळ आधी निस्तरायला हवा. १९९३ साली फ्रान्सिस राउशर आणि सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. छत्तीस महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोझार्टचा दोन पियानोंसाठीचा सोनाटा दहा मिनिटं ऐकवला; त्यानंतर घडीच्या कागदाचा आकार ओळखण्यासारख्या कोड्यांमध्ये त्यांना थोडे जास्त गुण मिळाले. परिणाम पंधरा मिनिटांच्या आत विरला. लेखात बाळांचा उल्लेख नव्हता, बुद्धी कायमची वाढते असा दावा नव्हता. तरी १९९८ साली जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला अभिजात संगीताची ध्वनिफीत देण्यासाठी सरकारी पैसे मागितले, आणि पाहता पाहता जगभर 'मोझार्ट ऐका, हुशार व्हा' असा बाजार उभा राहिला. आपल्याकडे गर्भसंस्काराच्या सीडींना जो बहर आला, त्याला या बाजाराचीही हवा लागली होती असं मला वाटतं.

पुढच्या अभ्यासांनी या फुग्यातली हवा काढली. टोरोंटोच्या ग्लेन शेलेनबर्ग यांनी दाखवलं, की मोझार्टऐवजी स्टीफन किंगची गोष्ट ऐकवली तरी, ज्यांना गोष्ट आवडते त्यांचे गुण तसेच वाढतात. दहा-अकरा वर्षांच्या ब्रिटिश मुलांना मोझार्टपेक्षा ब्लरसारख्या पॉप बँडची गाणी जास्त लागू पडली. थोडक्यात, आवडीचं काहीतरी ऐकलं की माणसाला तरतरी येते, आणि तरतरी आलेला माणूस लगेचच्या कोड्यात बरा चालतो. २०१० साली व्हिएन्नाच्या संशोधकांनी सुमारे चाळीस अभ्यास एकत्र तपासले आणि मोझार्टची म्हणून काही खास जादू त्यांना सापडली नाही. मात्र यातली एक बाब कामाची आहे : संगीत काम सुरू होण्याच्या आधी ऐकवलं होतं. ते तिथेच जास्त उपयोगी पडतं.

काम चालू असताना ऐकलेल्या आवाजाचं काय होतं, हे समजायला मनातल्या एका यंत्रणेची ओळख हवी. मोबाइलवर ओटीपी येतो आणि तो दुसरीकडे टाइप करेपर्यंत आपण तो मनात घोकत राहतो. हे मनातलं घोकणं ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ साली मांडलेल्या स्मृतीच्या आराखड्याचा एक भाग आहे. वाक्य वाचताना शेवटच्या शब्दापर्यंत सुरुवातीचा शब्द हाताशी राहतो, चार पायऱ्यांचा हिशेब करताना दुसऱ्या पायरीचा आकडा टिकतो, तो या घोकण्यामुळे. आणि ही जागा फार लहान आहे.

१९७६ साली कोल आणि वेल्श या संशोधकांनी लोकांना अक्षरांची मालिका लक्षात ठेवायला दिली आणि त्याच वेळी कानावर परक्या, न समजणाऱ्या भाषेतला उतारा सोडला. लोकांना सांगितलं होतं, तिकडे लक्ष देऊ नका. तरी चुका वाढल्या. पुढे बॅडली, सालामे आणि वेल्समधल्या कार्डिफचे डिलन जोन्स यांनी हे प्रकरण वर्षानुवर्षं खणलं, आणि त्यातून निघालेल्या गोष्टी सामान्य समजुतीच्या विरुद्ध आहेत. भाषा कळते की नाही याने अशा पाठांतराच्या कामात फार फरक पडत नाही. उलटं वाजवलेलं बोलणंही तितकंच त्रास देतं. आवाज मोठा की हळू यानेही फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो आवाज बदलता आहे की नाही याने. एकच अक्षर पुन्हा पुन्हा ऐकवलं तर मन त्याला सरावतं. वेगवेगळी अक्षरं ऐकवली की घोकणं विस्कटतं. बोलणं म्हणजे क्षणाक्षणाला बदलणारा आवाज, आणि आपला कान त्यासाठीच घडलेला. वाचनासारख्या अर्थ लावायच्या कामात कळणारी भाषा आणखी एक ओढ लावते. शेजारच्या खोलीतली मराठी मालिका पुस्तकावरून लक्ष खेचते ती या दुहेरी दोरीने. 'मी तिकडे लक्ष देत नाही' असं मूल प्रामाणिकपणे सांगतं, पण लक्ष न देणं त्याच्या हातात नसतं.

शब्द असलेलं गाणं याच हिशेबात बसतं. सालामे आणि बॅडली यांनी १९८९ साली दाखवलं, की गायलेलं संगीत नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा जास्त अडथळा आणतं. निक पेरहॅम आणि जोआन विझार्ड यांचा २०११चा अभ्यास मला सगळ्यात बोलका वाटतो : लोकांना त्यांच्या आवडीचं संगीत लावलं आणि नावडीचंही लावलं. क्रमाने लक्षात ठेवण्याचं काम दोन्हींमुळे सारखंच बिघडलं. शांततेत आणि एकसुरी बोलण्यात ते बरं झालं. 'गाणी लावल्याशिवाय माझं डोकंच चालत नाही' असं म्हणणारे खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच बरं वाटतं. बरं वाटणं आणि काम बरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही.

२०११ सालीच केम्फे आणि सहकाऱ्यांनी पार्श्वसंगीतावरचे तोवरचे अभ्यास एकत्र केले. सगळ्यांची सरासरी जवळजवळ शून्य आली. पण शून्याच्या पोटात खूप काही होतं. वाचनाला संगीत नडतं, स्मरणाला थोडं नडतं, मनःस्थिती सुधारते, व्यायामाला मदत होते. 'संगीताचा परिणाम होत नाही' असा या शून्याचा अर्थ काढणं चूक ठरेल. दोन उलट दिशांचे परिणाम एकमेकांना खात आहेत, एवढंच ते सांगतं. २०१९ साली गोन्झालेझ आणि आयेलो यांनी याला आणखी धार दिली : सोप्या कामात संगीताने मदत झाली, अवघड कामात नुकसान झालं, आणि ज्यांना सतत बाहेरचं काहीतरी हवं असतं त्यांचं अवघड कामातलं नुकसान जास्त. सर्जनशीलतेला संगीत पोसतं हा समजही त्याच वर्षी डळमळला. ब्रिटन आणि स्वीडनच्या संशोधकांनी लोकांना शब्दकोडी घातली, तीन शब्दांना जोडणारा चौथा शोधा अशी. ओळखीच्या भाषेतली गाणी, अनोळखी भाषेतली गाणी, नुसती वाद्यं, तिन्हींनी कामगिरी घसरली. ग्रंथालयातल्या कुजबुजीने मात्र घसरली नाही.

याच्या विरुद्ध बाजूचा पुरावाही मांडला पाहिजे. टेरेसा लेस्युक यांनी कॅनडातल्या चार कंपन्यांमधले ५६ सॉफ्टवेअर अभियंते पाच आठवडे पाहिले. त्यांना कामावर हवं तेव्हा हवं ते संगीत ऐकायची मुभा होती. ज्या आठवड्यात संगीत बंद ठेवायला सांगितलं, त्या आठवड्यात त्यांच्या मते कामाचा दर्जा खालावला आणि वेळ जास्त लागला. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. यात दर्जा त्यांनीच सांगितलेला आहे हे लक्षात ठेवूनही मला तो खरा वाटतो, कारण खऱ्या कचेरीत माणसासमोर पर्याय 'संगीत की शांतता' असा नसतोच. पर्याय असतो 'संगीत की शेजारच्याचं बोलणं'. हवं ते, हवं तेव्हा, हवं तर बंद, ही मुभा त्या अभियंत्यांना होती, जी जात्यावरच्या बाईला होती आणि म्यूझॅक ऐकणाऱ्या कामगाराला नव्हती.

शस्त्रक्रियेच्या खोलीतही हीच दुफळी दिसते. १९९४ साली अमेरिकेत पन्नास सर्जनांवर केलेल्या प्रयोगात स्वतः निवडलेलं संगीत ऐकताना त्यांची नाडी शांत राहिली आणि हिशेबाची कोडी जास्त जलद सुटली. पण २०१५ साली लंडनमध्ये वीस शस्त्रक्रियांची चित्रफीत तपासली, तेव्हा संगीत चालू असताना परिचारिकेला तीच सूचना पुन्हा सांगावी लागण्याची शक्यता पाचपट निघाली. सर्जनच्या मनाला जे पोषक, ते त्याच्या चमूच्या संवादाला घातक. गाणं कुणाचं आणि कान कुणाचे, हा प्रश्न इथे जिवावरचा होतो.

बदलता आवाज लक्ष मोडतो आणि स्थिर आवाज मोडत नाही, हे एकदा कळलं की तानपुऱ्याकडे नव्याने पाहावंसं वाटतं. चार तारा, तोच फेरा, शब्द नाही, ताल नाही, पुढे काय येणार याची उत्सुकता नाही. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावली की एका स्वरातून अनेक स्वर उमलतात आणि आवाजाची एक भरीव भिंत तयार होते. ती बाहेरचं बोलणं झाकते आणि स्वतः काही मागत नाही. गायक तानपुऱ्यासमोर बसतो ते सुरासाठी; पण खोलीतल्या इतर आवाजांपासून तानपुरा रियाजाला वेगळं करतो, हेही त्याचं कामच आहे. मिरजेत पिढ्यानपिढ्या तानपुरे घडतात, २०२४ साली मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मी लिहिताना मोबाइलवरचा तानपुरा मंद लावून ठेवतो. त्याला प्रयोगशाळेचा आधार आहे असं मी म्हणणार नाही, हे जोन्स यांच्या सिद्धांतावरून मी बांधलेलं अनुमान आहे. पण 'फोकस'साठी म्हणून विकल्या जाणाऱ्या शेकडो ध्वनिमुद्रणांपेक्षा ते मला जास्त सयुक्तिक वाटतं.

पांढरा, गुलाबी, तपकिरी असे रंगांच्या नावाने ओळखले जाणारे गोंगाट याच जातीचे. पांढऱ्यात सगळ्या कंप्रता सारख्या ताकदीने असतात, म्हणून तो जुन्या टीव्हीच्या मुंग्यांसारखा खरखरतो. गुलाबीत वरच्या कंप्रता क्रमाने मंदावतात, तपकिरीत आणखी झपाट्याने. तो धबधब्याच्या घुमण्याजवळ जातो. यांचं मुख्य काम झाकण्याचं. स्वीडनचे योरान सोडरलुंड यांनी २००७ साली दाखवलं, की एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवण्याची अडचण, असलेल्या मुलांची कामगिरी पांढऱ्या गोंगाटात सुधारते आणि इतर मुलांची घसरते. ओरेगनचे जोएल निग आणि सहकाऱ्यांनी २०२४ साली असे सगळे अभ्यास एकत्र पाहिले. एडीएचडी असलेल्या मुलांना आणि तरुणांना लहानसा फायदा, नसलेल्यांना जवळपास तितकाच तोटा. ज्या तपकिरी गोंगाटाचा समाजमाध्यमांवर एवढा बोलबाला झाला, त्यावरचा एकही अभ्यास त्यांना आढळला नाही. आपल्या घरात लक्ष न लागणारं मूल असेल तर ही माहिती वापरण्याजोगी आहे. सरसकट वर्गभर लावण्याजोगी नाही.

दोन्ही कानांत किंचित वेगळ्या कंप्रतेचे स्वर सोडून मेंदूची लय बदलण्याचा दावा करणारे 'बायनॉरल बीट्स' फार विकले जातात. हा आभास हाइनरिश डोव्ह यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवला होता. मेंदूच्या लहरी त्या ठोक्यांना जुळवून घेतात का, हे तपासणाऱ्या १४ अभ्यासांचा आढावा २०२३ साली निघाला : पाच बाजूने, आठ विरुद्ध, एक मिश्र. एवढ्यावर पैसे खर्च करू नयेत. अमुक राग ऐकला की एकाग्रता वाढते, ४३२ हर्ट्झला सूर लावला की मेंदू शांत होतो, या दाव्यांना तर तेवढाही पाया नाही. दरबारी ऐकावा तो दरबारीसाठी. त्याच्याकडून कामाचा हिशेब मागणं हा त्या रागावर अन्याय आहे.

लो-फायबद्दल मी जास्त मऊ आहे. अभ्यास करत बसलेल्या मुलीचं चित्र आणि अखंड वाहणारे मंद ताल, हा फ्रान्समधून चालणारा यूट्यूब प्रवाह गेल्या काही वर्षांत जगभरच्या विद्यार्थ्यांचा सोबती झाला. यात शब्द जवळजवळ नसतात, लय संथ, एका गाण्यातून दुसऱ्यात गेल्याचं कळत नाही. म्हणजे आवाज मध्येच चढू-उतरू न देण्याचा बीबीसीचा जुना नियम यात आपोआप पाळलेला आहे. आणि ती मुलगी अभ्यास करते आहे. एकट्या खोलीत रात्री अकराला समोर कुणीतरी लिहीत बसलेलं असणं, यालाही मोल आहे. कॉफीच्या दुकानातल्या गजबजीचंही तसंच. २०१२ साली रवी मेहता आणि सहकाऱ्यांनी सुमारे ७० डेसिबलच्या मध्यम गजबजीत कल्पना सुचण्याचं काम बरं होतं असं दाखवलं. ८५ डेसिबलला ते बिघडलं. ग्रंथालयातल्या कुजबुजीचा वरचा निष्कर्ष याला जुळतो. अनेकांचं बोलणं एकमेकांत मिसळलं की शब्द सुटे ऐकू येत नाहीत आणि बोलण्याचं डंखणं जातं.

सुटे शब्द ऐकू येणं हा आधुनिक कचेरीचा खरा रोग आहे. मोकळ्या कचेऱ्यांचं मोजमाप करणाऱ्या आयएसओ ३३८२-३ या मानकात एक अंतर मोजतात : बोलणाऱ्यापासून किती मीटरवर त्याचे शब्द कळेनासे होऊन लक्ष विचलित करणं सोडतात. चांगल्या कचेरीत ते कमी असावं लागतं. त्यासाठी छताला आवाज शोषणारी पॅनेलं, टेबलांमध्ये पडदे, थोडा पार्श्वध्वनी हे सगळं लागतं आणि ते खर्चाचं असतं. भिंती पाडणं स्वस्त. भिंती पाडल्या की माणसं एकमेकांशी जास्त बोलतील, हा युक्तिवादही टिकला नाही. इथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी २०१८ साली दोन कंपन्यांमध्ये मोजलं, तेव्हा मोकळ्या कचेरीत गेल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलेलं दिसलं. माणसांनी हेडफोन चढवले आणि ईमेल लिहिले. त्यात फोनवरचं बोलणं सगळ्यात वाईट : २०१० साली कॉर्नेलमधल्याच संशोधकांनी दाखवलं, की दोघांचा पूर्ण संवाद ऐकण्यापेक्षा एकाच बाजूचं अर्धं बोलणं लक्ष जास्त मोडतं, कारण पुढचं वाक्य काय असेल याचा अंदाज मन बांधत बसतं. घरून काम करणाऱ्यांना, लोकलमध्ये पुस्तक उघडणाऱ्यांना हे सांगायला नको.

यावर उपाय म्हणून आवाज मारणारे हेडफोन घेतले जातात. त्यांची कल्पना अमर बोस यांना १९७८ साली विमानप्रवासात सुचली, आणि विमानाच्या घरघरीवर ते उत्तम चालतात. कारण तो आवाज खालच्या कंप्रतेचा आणि एकसारखा असतो. माणसाच्या आवाजावर त्यांची इलेक्ट्रॉनिक युक्ती बरीच कमी चालते. उलट एसीची घरघर गेल्याने शेजाऱ्याचं बोलणं अधिक स्पष्ट झाल्यासारखं वाटतं. म्हणून नुसता हेडफोन चढवून उपयोग नाही, आत मंद, स्थिर, शब्दहीन आवाज ठेवला तरच बोलणं झाकलं जातं. हा आवाज वाढवत नेण्याचा मोह मोठा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला चाळीस तास ही मर्यादा आहे. दिवसाचे आठ तास तेवढ्या आवाजात कानात काही घालून काम करणारा माणूस ती मर्यादा नोकरीतच संपवतो, प्रवासातली गाणी वेगळीच. इचलकरंजी-भिवंडीच्या मागाच्या शेडमध्ये कामगारांचे कान यंत्रांनी घालवले, ते पगाराच्या मजबुरीने. आपण आपल्या हाताने ते करू नये.

पुण्याच्या मध्यवर्ती पेठांमध्ये गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. स्पर्धा परीक्षांची मुलं महिन्याचे पैसे भरून तिथे एक खुर्ची आणि शांतता विकत घेतात. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्या, मेसचा डबा दोघांत वाटून खाणाऱ्या मुलांना शांततेसाठी पैसे मोजावे लागतात, हे मला अस्वस्थ करतं. हेडफोनही तेच आहे : ज्याच्या खिशात पैसे, त्याच्या कानात शांतता. दहा बाय दहाच्या खोलीत आजी मालिका बघते आहे, धाकटा मोबाइलवर आहे आणि मधली दहावीला आहे, अशा घराला कुठलंही ॲप पुरं पडत नाही.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास तिथे गावाने ठरवून एक पद्धत सुरू केली. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद होतात. मुलं अभ्यासाला बसतात. करोनाच्या काळात ऑनलाइन शाळेने मुलांच्या हाती मोबाइल दिले आणि ते सुटेनात, म्हणून शिक्षकांनी आणि ग्रामपंचायतीने हा मार्ग काढला. ज्या आवाजाने मुलांचं वाचन सगळ्यात जास्त मोडतं, तो समजणाऱ्या भाषेतला, क्षणाक्षणाला बदलणारा आवाज, हे गाव नेमका तोच बंद करतं, सगळ्या घरांत एकाच वेळी. कुणाला हेडफोन घ्यावा लागत नाही. शेजारची भिंत पातळ असली तरी चालतं, कारण शेजारीही बंद आहे. याला लागलं काय, तर ग्रामसभेतली चर्चा, एक भोंगा आणि संध्याकाळच्या मालिका सोडायला तयार झालेल्या बायाबाप्यांची कबुली. गृहनिर्माण सोसायट्यांच्या वार्षिक सभांमध्ये पार्किंगवर तासन्‌तास भांडणं होतात. परीक्षेच्या महिन्यांत रोज दीड तासाचा असा ठराव तिथे कुणीही मांडू शकतं.